जोरीदार

त्या सिनेमात कुणालाच आई नव्हती. म्हणजे असेल कुठेतरी, पण पडद्यावर येत नव्हती. चार तरुण पोरं, मोठ्या परदेशी शहरात राहणारी, प्रत्येकाला स्वतःची खोली, खोलीला स्वतःची किल्ली, आणि चौघांनाही आयुष्यात एकच काम. प्रेम शोधायचं. तेही पोरींचं नव्हे, पोरांचंच. त्यातला एक केक भाजायचा आणि जो गिऱ्हाईक गोड बोलेल त्याच्या प्रेमात पडायचा. दुसरा पोहायला शिकवायचा, दिसायला देखणा, पण तोंड उघडलं की माती खायचा. तिसरा सगळ्यांची लग्नं जुळवल्यासारखा फिरायचा आणि स्वतः कोरडा ठणठणीत. चौथा लाजरा. शेवटी सगळ्यांचं जमतं, गच्चीवर दिव्यांच्या माळा लागतात, नाच होतो. गोड सिनेमा होता. त्याचे मराठी संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती, आणि पहिल्या अर्ध्या तासातच मला जांभया यायला लागल्या.

परदेशी सिनेमे मराठीत आणायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. विचुंबे गावातल्या फ्लॅटमध्ये बसून मी हे करतो. समोर सिनेमा चालू ठेवायचा, माणसाचे ओठ बघायचे आणि त्या ओठांत मावेल अशी मराठी शोधायची. तो तोंड मिटत असेल तर आपल्या शब्दातही प, ब, म असं काहीतरी यायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. ध चा मा करणं ही इतरांसाठी चूक असते, माझ्यासाठी रोजचं काम. लिहून झालं की आवाज बाहेर काढून म्हणून बघायचं. त्यामुळे दिवसभर मी घरात एकटा बडबडत असतो. आतापर्यंत खुनी, पोलीस, राजपुत्र, बोलणारी अस्वलं असे सगळे माझ्या तोंडून मराठी बोललेत. आपल्यासारख्यांचा सिनेमा मात्र पहिल्यांदाच आला होता.

आपल्यासारखे म्हणजे मी आणि तो. तो उरणचा, कोळ्याचा मुलगा, बंदराच्या कंटेनर यार्डात पाळ्यांमध्ये काम करणारा. मी घाटावरचा. आम्ही एकत्र राहायला लागलो त्याला दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. हा फ्लॅट कागदावर त्याच्या नावावर आहे. बाकी पडद्यांपासून मिक्सरपर्यंत सगळं दोघांचं. बाहेर आम्ही रूममेट. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे त्याचं आवडतं वाक्य, आणि मला त्याचा फार कंटाळा आला होता. सव्वा लाख कुणी दिले होते आम्हाला? मूठ झाकून झाकून बोटं मात्र आखडली होती.

तर सिनेमात एक प्रसंग होता. तो केक भाजणारा मुलगा भर पार्टीत पोहणाऱ्याचा हात धरतो आणि सगळ्यांना सांगतो, हा माझा अमुक. हा 'अमुक' काय करायचा? 'मित्र' म्हटलं तर सगळ्यावर पाणी पडतं. 'प्रियकर' म्हटलं की नाटक कंपनी आठवते. मी लिहिलं, 'हा माझा जोडीदार.' ओठही बरोबर बसत होते. तिकडे दुसऱ्या शब्दाला त्याचं तोंड मिटत होतं, इकडे 'माझा'मधल्या 'मा'ला मिटत होतं.

स्टुडिओतल्या मुलीचा फोन आला. ती माझं लिखाण तपासते, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आहे आणि मला सर म्हणते.

"सर, जोडीदार नको ना. विवाह मंडळाचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. सरळ बॉयफ्रेंड ठेवू या?"

मी एरवी वाद घालत नाही. म्हणतील ते बदलून देतो, वय झालं की माणूस शहाणा होतो. पण त्या दिवशी मी भांडलो. म्हटलं, हा शब्द खरा आहे, मी तो खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलाय. ती म्हणाली, "ओके सर, चिडू नका." शब्द राहिला.

मी तो ऐकला होता त्याच्या आईच्या तोंडून. उरणच्या बाजारात मासळी विकून तिनं दोन मुलगे वाढवले. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा आळीतल्या बायका मला बघायला ओट्यावर जमल्या होत्या, आणि हिनं मासे कापता कापता मान वर न करता सांगून टाकलं होतं, "माज्या पोराचा जोरीदार हाय." त्यांच्या बोलण्यात गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो, तसा मी जोरीदार झालो होतो. पुढे दर सणाला, दर लग्नाला मी त्या घरी गेलो आणि दर वेळी तिनं माझी अशीच ओळख करून दिली. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, कुणाची भुवई वर गेली नाही. मला वाटायचं, काय ही माणसं! आमच्याकडे शिकलेल्या घरात माझं नाव निघालं की तोंडात मिठाची गुळणी धरतात, आणि इथं ही बाई उघड्या ओट्यावर सांगते. हा शब्द मी जपून ठेवला होता. फार थकलो की तो आठवायचा, की आपण कुठल्यातरी एका घरात जे आहोत ते म्हणून ओळखले जातो. त्याच्याशी मात्र मी हे कधी बोललो नव्हतो. अशा गोष्टी बोलल्या की विरतात, असं आपलं मला वाटायचं.

सिनेमाचं काम निम्म्यावर आलं असताना एका सकाळी तो पाळी संपवून आला, बूट काढले आणि बूट हातात धरूनच म्हणाला, "आई येतेय राहायला."

"येऊ दे की."

"कायमची येतेय. धाकट्याच्या पोराचं लग्न ठरलं, तिकडं खोली कमी पडते. शिवाय तिचे गुडघे गेलेत, तिथला जिना तिला होत नाही." मग बूट मांडणीत ठेवत, माझ्याकडे न बघता, "तू काही महिने खारघरला रूम बघशील का एखादी? मी येत जाईन."

मला आधी राग आलाच नाही. मला हसू आलं. म्हटलं, "अरे वेड्या, तिला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आपलं. ती सगळ्यांना सांगते की. जोडीदार म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी कीव म्हणेन. "जोरीदार म्हणजे दोस्त रे," तो म्हणाला. "आमच्याकडं बरोबरीच्या कुणालापण जोरीदार बोलतात. बापाच्या होडीवर जेवढे खलाशी, तेवढे त्याचे जोरीदार. शाळेत बाकावर शेजारी बसायचा तोपण जोरीदार. तू काय समजत होतास?"

काय समजत होतो ते मी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात मांडे खात होतो. धंदा शब्दांचा, आणि घरातला एक शब्द कळला नव्हता. त्या ओट्यावरच्या बायकांच्या भुवया का वर गेल्या नाहीत ते आता कळलं. वर जाण्यासारखं त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. मला इतकं शिणल्यासारखं झालं की मी तिथेच बुटांच्या मांडणीशेजारी खाली बसलो.

मग आला राग. मी म्हटलं, मी कुठंही जाणार नाही. हे घर माझं आहे, कागदावर नसलो तरी. एकदा बाहेर पडलो तर परत आत यायला मला कुणाची तरी परवानगी लागेल, आणि ती कधी मिळायची नाही. तो म्हणाला, तिला कळलं तर ती मरेल. मी म्हटलं, कुणी मरत नाही. दोन दिवस आम्ही फक्त दूध आणि गॅस सिलिंडर यांबद्दल बोललो. शेवटी मी जाणार नाही यावर तो गप्प बसला, आणि ती असेपर्यंत मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं यावर मी गप्प बसलो. माझी कामाची खोली तिला. माझं टेबल, कॉम्प्युटर, सगळं हॉलमध्ये.

ती आली ती स्वतःची विळी घेऊनच. आमच्या सुऱ्यांना तिनं हातही लावला नाही. पहिले दोन दिवस तिनं स्वयंपाकघर लावून घेतलं, आम्ही ठेवलेली एकही वस्तू जागेवर राहिली नाही. तिसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

"यो काय लावलंस, बाला?"

मी सांगितलं, सिनेमा आहे, परदेशी, मी मराठी करतोय.

"मंग वाच. मी आयकते."

असं ते सुरू झालं. दुपारचं जेवण झालं की तो आत झोपायचा, कारण रात्रपाळी असायची, आणि आम्ही दोघं सिनेमा बघायचो. मी एकेक तुकडा पुढे मागे करायचा, ओठ बघायचे, वाक्य मोठ्यानं म्हणायचं. ती पोरांच्या चेहऱ्याकडे बघत मन लावून ऐकायची. केकवाला तिला आवडला, "कामाचा पोर हाय." पोहणारा अजिबात आवडला नाही. चौघं जण नटूनथटून बाहेर जातात, कुणालातरी भेटतात, हिरमुसून परत येतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण कुणाला भेटतात ते तिनं आपल्या परीनं लावून घेतलं होतं. समोर बसलेले ते बाकीचे तरुण तिच्या लेखी पोरींचे भाऊ होते. चौकशी करायला आलेले.

"आन पोरी कवा येनार?" तिनं विचारलं.

"येतील पुढे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज तरी पोरी येनार का नाय? नुसते भाव भाव बसतात आन काफी पितात." मी तोंडावर हात ठेवून हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो. त्याला सांगितलं तर तो हसला नाही. "तू हे तिच्यासमोर कशाला करतोस?" म्हणाला. मी विचारलं, "मग कुठं करू? माझी खोली तिच्याकडे आहे." मला मुद्दाम काही करायचं नव्हतं, खरंच नव्हतं. काम संपवून द्यायची तारीख जवळ आली होती आणि टाळाटाळ करायलाही अंगात जोर लागतो.

पार्टीचा प्रसंग आला तेव्हा मी तो आधी आवाज बंद करून बघितला. मग म्हटलं, चला, होऊ दे. केकवाला पोहणाऱ्याचा हात धरतो. मी मोठ्यानं म्हटलं, "हा माझा जोडीदार." पडद्यावर सगळे टाळ्या वाजवतात आणि ते दोघं एकमेकांचा मुका घेतात, तोंडावर, सावकाश, सिनेमात घेतात तसा.

मी तुकडा थांबवला. तसा तो थांबवायचा नव्हता, पण हात आपोआप गेला. ते दोघं तोंडाला तोंड लावून पडद्यावर तसेच राहिले.

म्हातारी पडद्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती, शेजारणीनं हिशेबात काहीतरी वेगळंच सांगितल्यावर पडावी तशी. "काय बोल्लास तू? यांना काय बोल्लास?"

"जोडीदार."

"जोरीदार असा?" तिनं पडद्याकडे बोट केलं. "असा आसतो जोरीदार?"

तो उठला होता. स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, बनियनवर, केस विस्कटलेले. किती वेळ उभा होता मला माहीत नाही. मला फक्त एवढं बोलायचं होतं की मावशी, हा सिनेमा आहे, मी चुकीचा शब्द घातला, बदलून टाकतो. फोनवरच्या त्या मुलीला बरं वाटलं असतं. सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलं सुद्धा. पण त्याच्याकडे बघितलं आणि मिटून घेतलं. म्हटलं, बारा वर्षं झाली, या वेळी मी नाही सांभाळून घेणार. बोल तू, नाहीतर नको बोलूस, पण मी नाही.

तो म्हणाला, "हां आये. असापन आसतो."

तिनं पडद्याकडे केलेलं बोट खाली घेतलं.

"आमी दोगंपन तसेच हाव," तो म्हणाला, आणि तांब्यातलं पाणी न पिता तांब्या ओट्यावर ठेवून दिला.

सिनेमात अशा ठिकाणी आई मुलाला मिठी मारते. मागे व्हायोलिन वाजतं. आमच्याकडे आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून, आणि खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मुलगा अंघोळीला गेला. मी उरलेला सिनेमा करत बसलो. गच्चीवरचा नाच, दिव्यांच्या माळा. त्या नाचात संवाद फारसे नाहीत, काम लवकर झालं.

मग तिनं बोलणं बंद केलं. मुलाशी कामापुरतं बोलायची, माझ्याशी नाही. जेवण मात्र तिघांचं करायची. माझं ताट वाढून टेबलावर ठेवायची आणि आत जायची. 'बाला' म्हणायची बंद झाली. मला हाक मारायचीच वेळ आली तर "आवं" म्हणायची, परक्या माणसाला म्हणतात तसं. मी रोज वाट बघायचो की आज ती धाकट्याला फोन करील, न्यायला ये म्हणेल. आणि रोज मनात म्हणायचो की तो फोन झाला तर हा कोसळेल, आणि मग मी कुणाच्या तोंडाकडे बघून इथं राहू? हा यार्डातून आला की बूट हातात धरून थोडा वेळ दारातच उभा राहायचा, घरात काय झालंय याचा अंदाज घेत. मला त्याची दया यायची आणि त्याच्यावर प्रेमही फार यायचं. इतक्या वर्षांत इतकं आलं नव्हतं. पण ते दाखवायला घरात जागा नव्हती. तिनं फोन केला नाही. ती गेली नाही. माझ्याकडे पाठ करून लसूण सोलत राहिली.

अशात एका रविवारी आमच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या काकू ओळख करून घ्यायला आल्या. बोलक्या होत्या. सोफ्यावर बसल्या, घर बघितलं, फरशी कुठली विचारली. मी टेबलाशी काम करत होतो, तो आत चहा टाकत होता.

"आजी, तुमचा मुलगा ना तो आतला? छान. आणि हे?" त्यांनी माझ्याकडे हात केला.

म्हातारीनं तोंड उघडलं. मी बघत होतो. दहा-बारा वर्षं जो शब्द तिच्या तोंडातून विचार न करता निघत होता, तो ओठांपर्यंत आला आणि तिथं अडला. आता तिला तो उच्चारता येईना. तिचं तोंड मिटलं. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "भारेकरू हाय."

आत कपबशांचा आवाज थांबला.

मला लागलं. फार लागलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत मी भाडेकरू. पण एक गोष्ट कळतही होती. जोरीदार म्हणायची तेव्हा तिला काही माहीत नव्हतं, म्हणून म्हणायची. भाडेकरू ती माहीत असून म्हणाली. मी कोण आहे हे मनात घेऊन बोललेला तिचा हा पहिलाच शब्द होता, आणि तो खोटा होता. यावर रडावं की काय करावं हे ठरवायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

काकूंचे डोळे मात्र चमकले. "अय्या, मग बरंच झालं! माझ्या भाच्याला खारघरच्या कॉलेजात अॅडमिशन मिळालीय, रूम शोधतोय बिचारा. अगदी साधा मुलगा आहे. तुम्ही," मला म्हणाल्या, "कधी सोडताय ही जागा?"

तो चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला होता आणि तिथंच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. काकूंना उत्तर द्यायला शब्द शोधत होतो, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाला शब्द पुरवणारा मी, आणि मला एक सापडत नव्हता.

म्हातारीनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. मोठा श्वास सोडला. रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करून माणूस दमतो, तशी ती दमलेली दिसत होती. माझ्याइतकीच.

"तो काय जात नाय," ती म्हणाली. "तुमी दुसरीकरं बगा."